संत लूक बंधुसंघ व त्याचे पत्र

आजारात साहाय्य व मरणात मूठमाती मिळावी, म्हणून मेरी प्राउट ह्या कृष्णवर्णी ख्रिस्ती बाईंनी १८६७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे संत लूकच्या नावाने बंधुसंघ स्थापिला. १८९९ साली रिचमंडच्या मॅगी वॉकर बाई त्याच्या चिटणीस झाल्या, तेव्हा तिजोरीत अवघे ३१ डॉलर व डोक्यावर सुमारे ४०० डॉलरांचे ऋण होते. बाईंनी १९०२ साली ‘सेंट लूक हेरल्ड’ हे पत्र काढले. पेढी उघडली ती मागाहून, १९०३ साली. हा क्रम आम्हांस योग्य दिसतो. कारण वर्गणीचे काय झाले हे दूरच्या शाखांस कळेना, तर पै कोण देईल? (आमच्या मंडळ्यांतही हीच कुरकुर ऐकू येते.) १९०४ साली रिचमंडच्या ट्रामगाड्यांत वर्णभेदाने जागा वेगळ्या झाल्या, तेव्हा ह्या पत्राने बहिष्कार उचलून धरिला, आणि पुष्कळ लोक पायीच कामावर गेले.