त्या हिरव्या ग्लासाबद्दल

अगं, काल सगळ्यांसमोर बोलले नाही, म्हणून आता सांगते. रागावू नकोस. रोज उपाशीपोटी तो कच्च्या पालक-आवळ्याचा भलामोठा ग्लास रिचवतेस ना, तो आधी बंद कर. म्हणे किडनी साफ होते! बाई गं, साफसफाई हे तिचंच काम आहे. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि क जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला तर शरीर त्याचंही ऑक्झलेट करतं. ते किडनीत साचून माणसं डायलिसिसवर गेल्याच्या नोंदी आहेत. पालकाची भाजी खुशाल खा. उकडून पाणी फेकलंस, तर ऑक्झलेट बरंच उतरतं.

वजन वाढलं की किडनीला जास्त रक्त गाळावं लागतं, पण गाळण्या काही वाढत नाहीत. आहेत त्याच ताणून मोठ्या होतात, आणि मग लघवीतून प्रथिनं झिरपायला लागतात. त्यात रक्तदाब वाढतो, सूज असते, पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो. इथेच तुझ्या अँटिऑक्सिडंटचा प्रवेश! कांद्यातलं क्वेरसेटिन, हळदीतलं कर्क्युमिन, जांभळाचा तो गडद रंग, या सगळ्यांनी लठ्ठ उंदरांच्या किडन्यांना फायदा झालेला दिसतो. माणसांत मात्र अजून भक्कम पुरावा नाही. म्हणून कांदा, जांभूळ, कोकम ताटात हवंच, पण त्यांचा अर्क डबीत भरून घ्यायची घाई नको. हळदीच्या गोळ्यांनी यकृत बिघडल्याचीही उदाहरणं आहेत.

आणि एक ऐक. ऑलिव्हसारख्या वनस्पतींत सापडणाऱ्या ओलिॲनोलिक आम्लात फेरफार करून बार्डोक्सोलोन नावाचं औषध केलं होतं. पेशींची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणारं. मधुमेहाने किडनी बरीच खालावलेल्या दोनेक हजार लोकांवर चाचणी झाली. २०१२मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण हृदय निकामी होण्याचे प्रकार वाढले. कागदावर किडनीचे आकडे सुधारत होते, बरं का!

तुझी कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या खाली यायला हवी, खरं औषध तेच. थोडं वजन उतरलं तरी झिरपणारी प्रथिनं कमी होतात. लोणचं-पापडावरचा हातही आखड.

क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून खूश होऊ नकोस, किडनीचं काम निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घे, आणि ३०च्या वर आलं तर डॉक्टरांना दाखव. पाळी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांब, नाहीतर रिपोर्ट चुकतो. आणि आईला इतक्यात सांगू नकोस, ती लगेच कसलातरी काढा पाठवेल.