आजाऱ्याचे घर आणि व्यवसायोपचार

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला मनुष्य रुग्णालयातून घरी आणिला म्हणजे बहुतेकांस असे वाटते की, उपचार संपला. आता औषध वेळेवर द्यावे, अंग पुसावे, घास भरवावा, आणि त्यास स्वस्थ पडू द्यावे. ही समजूत मायेतून उत्पन्न होते, म्हणूनच ती मोडणे कठीण जाते. ज्यांस मंडळीतील दुखणेकऱ्यांच्या भेटीस घरोघर जावे लागते, त्यांनी तरी व्यवसायोपचार म्हणून जी विद्या आहे तिची ओळख करून घ्यावी, ह्या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

प्रथम नावाविषयी. एका गृहस्थाने मला विचारिले, "पाळकसाहेब, आमचे वडील सत्तरीचे झाले, त्यांस आता कोणता धंदा शिकविणार?" येथे व्यवसाय म्हणजे पोटाचा धंदा नव्हे. सकाळी तोंड धुण्यापासून रात्री अंथरूण घालीपर्यंत मनुष्याचे हात, मन व वेळ ज्या ज्या कामात गुंततात, ते सर्व व्यवसायच होत. सदरा चढविणे, शौचास जाऊन येणे, नातीची वेणी घालणे, कोंबड्यांस दाणे टाकणे, ही कामे आजाराने हातून गेली असता ती पुनः हाती आणून देणे हा ह्या उपचाराचा उद्देश आहे. भौतिकोपचार करणारे अवयवाचे बळ व हालचाल ह्यांकडे विशेष लक्ष देतात. व्यवसायोपचार करणारे विचारितात की, ह्या हाताने आता कोणते काम व्हावयाचे आहे? दोहोंची कामे पुष्कळ ठिकाणी मिसळतात, आणि ती मिसळावीत हेच बरे.

वेड्यांच्या इस्पितळांतून कामाच्या योगे उपचार करण्याची रीत जुनी आहे. परंतु ह्या विद्येस जे आजचे रूप आले, ते एका आजाऱ्याच्या घरात आले. जॉर्ज बार्टन हा अमेरिकेतील घरे बांधणारा वास्तुशिल्पी. तो क्षयाने खंगला, व पुढे त्याचे डावे अंग लुळे पडले. 1914 साली न्यूयॉर्क संस्थानातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी त्याने एक घर घेतले आणि काम करीत करीत आपले अंग पुनः वळविण्याचा प्रयोग स्वतःवरच केला. 1917 च्या मार्च महिन्यात त्याच घरी काही मंडळी जमून ह्या विद्येची तेथील संस्था स्थापन झाली. आपल्या देशात ही विद्या आणिली कमलाबाई निंबकर यांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढिली, व 1952 साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जी जागतिक संघटना झाली, तिच्या दहा संस्थापक देशांत भारत एक होता. इतका जुना संबंध असूनही खेड्यांत ह्या विद्येचे नाव ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. मातोश्रींचे उजवे अंग गेले, तेव्हा आम्ही मुलांनी व सुनांनी त्यांची सेवा करण्यात काही उणे ठेविले नाही. दोन महिने त्यांस चमच्याने पेज भरविली. त्या एक शब्द बोलत नसत, व वाचा गेली असे आम्ही धरून चाललो. पुढे एक शिकलेल्या भगिनी घरी आल्या. त्यांनी नाडी पाहिली नाही की औषध विचारिले नाही, खाटेजवळ बसून म्हणाल्या, "आजी, आजार नव्हता तेव्हा सकाळी उठून पहिले काम कोणते करीत होता?" मातोश्री पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग जड जिभेने म्हणाल्या, "भाजी निवडीत होते गं. आता हातात कोणी काही देतच नाही." मी दाराशी उभा होतो. उपदेश करणाऱ्याने ऐकावा असा तो उपदेश होता.

त्या दिवशी मेथीची जुडी आणिली. मातोश्रींचा लुळा हात ताटावर वजनासारखा ठेविला, जेणेकरून ताट हलू नये, आणि चांगल्या हाताने त्यांनी पाने खुडिली. एक जुडी निवडण्यास पाऊण तास लागला. माझी पत्नी मध्येच मदतीस धावली, तेव्हा बाईंनी तिला डोळ्यांनीच थोपविले. त्यानंतर बाईंनी घर पाहिले. हे कार्य रुग्णालयात होण्यासारखे नाही. तेथील फरशी सपाट, खाट उंच, दार रुंद. आपल्या घरी उंबरठा, न्हाणीत शेवाळ, आणि शौचकूप अंगणाच्या टोकाला. रुग्णालयात चार पावले टाकणारा मनुष्य घरी येऊन अंथरुणास खिळतो, त्याचे कारण पुष्कळदा घरातच असते.

बाईंनी जे शिकविले त्यातील थोडे येथे देतो, कारण ते कोणाच्याही उपयोगी पडेल. कपडे घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, व काढताना चांगला हात आधी मोकळा करावा. लुळ्या हातास धरून आजाऱ्यास ओढून उठवू नये. त्याने खांदा दुखावतो, प्रसंगी निखळतो. काठी चांगल्या हातात द्यावी. चमच्याच्या दांड्यास चिंधी गुंडाळून तो जाड केला म्हणजे अशक्त मुठीस धरता येतो. न्हाणीत बसण्यास बळकट स्टूल ठेवावे व भिंतीस धरावयास दांडा ठोकावा. बसता न येणाऱ्यासाठी मध्ये भोक पाडलेली खुर्ची शौचकूपावर ठेवितात; ती गावचा सुतारही करून देईल. ह्याहून अधिक मात्र आजारी पाहिल्यावाचून सांगता येत नाही, कारण एकास जे हितकारक तेच दुसऱ्यास पाडील.

कोणी म्हणेल, मग घरच्यांसच शिकवून सोडावे, तज्ज्ञ कशाला? हा विचार भारतात कसोटीस लाविला गेला आहे. 14 रुग्णालयांतील 1250 आजाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरच्या माणसांस असे शिक्षण दिले, निम्म्यांस नेहमीचीच व्यवस्था ठेविली. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शेकडा 47 एकतर मरण पावले होते किंवा परावलंबी होते. उलट, दैनंदिन कामांसाठी व्यवसायोपचार मिळालेल्या आजाऱ्यांच्या 9 प्रयोगांचा आढावा 2007 साली निघाला. त्यात 1258 आजारी होते, आणि ज्यांस हा उपचार मिळाला ते स्वतःची कामे करण्यात अधिक टिकून राहिले. दोन्ही चौकशा एका मापाच्या नाहीत, हे खरे. तथापि घरच्यांची माया व थोडके शिक्षण ही शिकलेल्या डोळ्याची जागा घेऊ शकत नाहीत, असे माझे मत झाले आहे.

असा तज्ज्ञ आपल्या तालुक्यात नसण्याचाच संभव फार. मुंबईस केईएम, सायन व नायर येथे आणि नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही विद्या शिकवितात. आजारी कोणत्याही मोठ्या रुग्णालयात असो, घरी सोडण्यापूर्वीच डॉक्टरांस विचारावे की, येथे व्यवसायोपचार विभाग आहे काय, नसल्यास जवळ कोठे आहे. जाताना घराची मापे बरोबर न्यावी: उंबरठा किती उंच, दार किती रुंद, खाट जमिनीपासून किती वर, शौचकूप किती पावलांवर. मोबाइलवर न्हाणीचे व पायऱ्यांचे छायाचित्र घेतल्यास उत्तम. हे काम भेटीस गेलेल्या शिक्षकास एक दोरी व वहीपेन्सिल घेऊन अर्ध्या तासात करिता येते. आमचा उंबरठा सात इंच भरला. त्यावर आता लाकडी उतार आहे, आणि मातोश्री सकाळी काठी टेकीत ओटीवर येऊन बसतात; ताट मात्र कोणी आधी आणून ठेविलेले त्यांस खपत नाही.