मेनूची मांडणी आणि ईमेलची छाननी

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्यापूर्वी पत्रांची वर्गवारी करणारा कर्मचारी, मग तो टपाल कचेरीत बसलेला असो वा धावत्या आगगाडीच्या टपालडब्यात उभा असो, प्रत्येक पाकिटावरील गावाचे नाव वाचून ते कोणत्या खणात टाकावयाचे हे ठरवीत असे. एकाच नावाची गावे अनेक, आणि पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेल्या या क्रमांकाने ती अडचण बरीच दूर केली. पहिला आकडा टपालक्षेत्र सांगतो, दुसरा उपक्षेत्र, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि उरलेले तीन पत्र वाटणारी कचेरी. एका पायरीवर एकच प्रश्न, आणि त्याची उत्तरे फार तर दहा. शिवाय पाकीट उघडण्याची गरज नाही.

संगणकाच्या पडद्यावरील मेनू आणि ईमेलच्या पेटीला लावलेला फिल्टर हे वस्तुतः याच प्रश्नाचे दोन अवतार होत. मेनूमध्ये आपण वस्तूपर्यंत जातो. फिल्टरमध्ये वस्तू आपल्यापर्यंत येते. (मेनू या शब्दासाठी मराठीत यादी, सूची, निवडसूची असे पर्याय सुचविले गेले आहेत. प्रस्तुत लेखकाने अनुवादात ते सारे वापरून पाहिले. परंतु उपाहारगृहामुळे मेनू हा शब्द घरोघरी पोहोचलेला असताना त्याला बाहेर काढण्यात शहाणपण दिसत नाही. फिल्टरच्या कामाला मात्र छाननी हा शब्द चपखल बसतो.)

प्रथम मेनूचा विचार करू. एकाखाली एक साठ नावे मांडली तर डोळ्यांना शोध घ्यावा लागतो. उलट दोन-दोन पर्यायांच्या अनेक पायऱ्या केल्या तर प्रत्येक वळणावर चुकण्याची शक्यता वाढते. १९८१ साली डी. पी. मिलर या अमेरिकन संशोधकाने ६४ शब्दांच्या मेनूवर याची परीक्षा घेतली. दोन-दोनच्या सहा पायऱ्या, चार-चारच्या तीन, आठ-आठच्या दोन, आणि सर्व ६४ एकत्र, अशा चार मांडण्यांपैकी आठ-आठच्या दोन पायऱ्यांची मांडणी सर्वांत जलद ठरली. आठ हा आकडा काही पवित्र नव्हे. पायऱ्या थोड्या असाव्यात आणि प्रत्येक पायरीवरील नावे एका नजरेत मावावीत, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

तथापि रोजच्या वापरात वेगाहूनही महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे जागेचा स्थिरपणा. स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा आठवावा. मोहरी कोठे आणि हळद कोठे, हे गृहिणीचा हात जाणतो; फोडणी करपू लागली असता वाटीकडे पाहण्याची तिला गरज भासत नाही. एखाद्या पाहुणीने मदतीच्या भावनेने त्या वाट्यांचा क्रम बदलावा, की सकाळ बिघडलीच. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘ऑफिस २०००’ या संचात नेमके हेच केले. ज्या आज्ञा आपण वापरतो तेवढ्याच मेनूत दाखवाव्यात, बाकीच्या झाकून ठेवाव्यात, आणि ही निवड आपल्या सवयी पाहून संगणकाने स्वतःच करावी, अशी ती योजना होती. हेतू निःसंशय चांगला. पण काल तिसऱ्या ओळीवर असलेली आज्ञा आज दुसरीवर येई किंवा दिसतच नसे, आणि हाताने कमावलेली ओळख वाया जाई. २००७ च्या आवृत्तीतील मुख्य कार्यक्रमांत मेनूंच्या जागी नवी पट्टी आली, आणि तेथून ही योजनाही निघून गेली.

म्हणून आपला मेनू आपणच लावावा हे बरे. आठवडाभर आपण कोणकोणते कार्यक्रम उघडतो याची कागदावर नोंद ठेवली, तर ती बहुधा दहाच्या आत भरते. तेवढेच वर, ठरलेल्या जागी ठेवावेत. बाकीचे पुसून टाकण्याचे कारण नाही. ते कामाप्रमाणे गट करून खालच्या पायरीवर असू द्यावेत. गटांना नावे देताना ‘इतर’ हे नाव टाळावे, कारण ‘इतर’ या खणात पुढे सारे घर जाऊन बसते. आणि एकदा लावलेला क्रम, तो किंचित गैरसोयीचा वाटला तरी, उगाच बदलू नये.

ईमेलची गोष्ट याहून नाजूक आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश धाडला आणि पत्त्यात नाव व ठिकाण यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातले. त्यानंतर सातच वर्षांनी, १९७८ साली, त्याच जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एका संगणक-कंपनीने न मागितलेली जाहिरात पाठविली. पाठविणाऱ्याला शंभरावे पत्र पहिल्याइतकेच स्वस्त पडते. वाचणाऱ्याचा वेळ मात्र प्रत्येक पत्रागणिक खर्च होतो. छाननीची गरज या विषमतेतून उत्पन्न झाली.

छाननीचा नियम दोन भागांचा असतो: अमुक खूण दिसली, तर तमुक करावे. खुणा दोन प्रकारच्या. एक पाकिटावरच्या, म्हणजे पाठविणारा कोण, पत्र कोणाच्या नावे आहे, विषय काय. दुसऱ्या आतल्या मजकुरातल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील थॉमस मेलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याच्या जवळपासचा भेद मांडला होता. नवख्याने पाकिटापासून प्रारंभ करावा. बँकेचा पत्ता एक, वीजबिलाचा एक, मुलांच्या शाळेचा एक. असे चार-सहा नियम केले की पेटीचा मोठा भाग आपोआप खणांत जातो. जे पत्र एकट्या आपल्याच नावे आहे ते मात्र समोर राहू द्यावे, कारण अशी पत्रे बहुधा उत्तराची वाट पाहत असतात. नियमांच्या क्रमाकडेही लक्ष हवे. थंडरबर्ड, आउटलुक यांसारख्या कार्यक्रमांत नियम वरून खाली तपासले जातात आणि ‘येथेच थांबावे’ अशी सूचनाही देता येते. ओळखीच्या माणसांविषयीचा नियम म्हणूनच सर्वांच्या वर, त्या सूचनेसह, असावयास हवा.

हे प्रस्तुत लेखकाने फार उशिरा जाणले. जाहिरातींना कंटाळून त्याने एकदा एक नियम केला होता: विषयात ‘सवलत’ हा शब्द आला की पत्र केराच्या टोपलीत जावे. नियमाने चोख काम केले. दोन महिन्यांनी एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांचा दूरध्वनी आला. हस्तलिखिताच्या मुदतीत सवलत हवी आहे काय, अशी विचारणा त्यांनी पत्राने केली होती. उत्तर न आल्यामुळे ते पुस्तक दुसऱ्या अनुवादकाकडे गेले होते. टोपली उघडून पाहिली, तर तेथे काहीच नव्हते. जीमेलमध्ये टोपलीतील आणि स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी नाहीशी होतात.

छाननीतील चुका दोन तऱ्हेच्या असतात, आणि त्यांचे वजन सारखे नसते. नको असलेले पत्र समोर आले तर दोन क्षण जातात. हवे असलेले पत्र लपले तर काय गेले हे कळतदेखील नाही. पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली लिहिलेल्या निबंधात याच मुद्द्यावर भर दिला होता. त्यांची रीत अशी: हव्या आणि नको अशा पत्रांचे दोन ढीग करावेत, प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो हे मोजावे, आणि नव्या पत्रातील शब्दांवरून ते कोणत्या ढिगातले असण्याचा संभव अधिक हे काढावे. या गणिताचे मूळ थॉमस बेझ यांच्या, मरणोत्तर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या, निबंधात आहे. येथे ‘सवलत’ हा एक शब्द फाशीचा निकाल देत नाही. शेजारी ‘हस्तलिखित’ आणि ‘मुदत’ हे शब्द असतील तर तेही साक्ष देतात. पण या गणिताला शिकवावे लागते. चुकीने अडकलेले पत्र सापडले असता ते नुसते वाचून सोडू नये, ‘हे स्पॅम नाही’ अशी खूणही करावी.

लेखकाचा तो नियम अद्याप आहे. आता तो पत्र टोपलीत टाकीत नाही. ‘जाहिराती’ नावाच्या खणात ठेवतो, आणि तो खण दर रविवारी चहाच्या वेळी उघडला जातो. त्याच्या वर आणखी एक नियम आहे. त्यात आजवर ज्यांच्याशी काम केले त्या सर्व संपादकांचे पत्ते आहेत.