अपरिग्रह आणि घरातील पाणी

१२ जुलै २०१९ रोजी पाण्याची पहिली रेल्वे चेन्नईत आली. ५० वाघिणी, सुमारे २५ लाख लिटर. पूंडी, चोलावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. हे पाणी जोलारपेट्टईहून आणलेले. तेथील लोकांनाही ते हवेच होते. (२०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली गाडी आपल्याला आठवत असेल.)

पाऊस कमी झाला, हे खरे. पण घरातील वापराचे काय? आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना बहुधा त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. अपरिग्रह म्हणजे गरजेपुरतेच घेणे. साधकांनी त्या नळीखाली बादली ठेवावी. त्यात क्षार अधिक असल्याने ते पिऊ नये. लादी पुसायला मात्र उत्तम चालते.