दवबिंदू : थेंब की तापमान?

दिलसुखनगर म्हटले की हैदराबादकरांना शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे आठवतात. याच भागात माझे घर आहे. मराठी घरातली, पण इंग्रजी माध्यमात शिकणारी काही मुले रविवारी माझ्याकडे मराठी वाचायला येतात. ‘हवेचे तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की सांद्रीभवन सुरू होते’ हे वाक्य वाचून त्यांच्यातल्या एका मुलीने विचारले, “सर, तापमान थेंबापर्यंत कसं उतरतं?”

तिची शंका भाषेच्या दृष्टीने रास्त आहे. ‘बिंदू’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. अश्रुबिंदू, घर्मबिंदू यांत तो थेंब असतो. उत्कलनबिंदू, गोठणबिंदू यांत तो मोजपट्टीवरचा टप्पा असतो. ‘दवबिंदू’ मात्र दोन्हीकडे चालतो. कवितेत तो गवताच्या पात्यावर दिसतो, हवामानशास्त्रात अंश सेल्सिअसमध्ये मोजला जातो. हिंदीने ‘ओसांक’ म्हणून हा घोळ टाळला. उर्दूतल्या ‘नुक्ता-ए-शबनम’मध्येही तो होत नाही, कारण थेंबासाठी तेथे ‘कतरा’ हा वेगळा शब्द आहे. परिभाषेचा असा विचार या शहराला नवा नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्याचे काम येथल्या दार-उल-तर्जुमाने केले. मराठीत निदान पहिल्या उल्लेखात ‘दवबिंदू तापमान’ असे पूर्ण लिहावे, असे मला वाटते.

आता अर्थ पाहू. हवेतील बाष्प कमी-जास्त न करता आणि दाब तोच ठेवून ती थंड करत नेली, तर ज्या तापमानाला ती बाष्पाने संपृक्त होते, ते दवबिंदू तापमान. हे घरीही पाहता येते. स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्यावे, त्यात थोडा थोडा बर्फ टाकत ढवळावे आणि तापमापक बुडवून ठेवावा. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर पहिली धुकट ओल धरते, त्या क्षणीचे तापमान हे जवळपास दवबिंदू तापमान होय.

दुसरा अडखळणारा शब्द ‘सापेक्ष’. मुलांना ‘निरपेक्ष सेवा’ ठाऊक असते. त्यामुळे ‘अपेक्षा’ म्हणजे फळाची आशा, एवढाच अर्थ मनात येतो. येथे अपेक्षा म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी संदर्भात पाहणे. हवेत बाष्प किती आहे, हे त्या तापमानाला जास्तीत जास्त किती मावले असते त्याच्या संदर्भात सांगितले की ती सापेक्ष आर्द्रता.

हे ‘जास्तीत जास्त’ तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. संपृक्त बाष्पाचा दाब १० अंशांना सुमारे १२.३ हेक्टोपास्कल असतो. २० अंशांना २३.४, ३० अंशांना ४२.४ आणि ४० अंशांना ७३.८. दवबिंदू तापमानाच्या दाबाला हवेच्या तापमानाच्या दाबाने भागून शंभराने गुणले, की सापेक्ष आर्द्रता मिळते. हवा ३० अंश आणि दवबिंदू २० अंश असेल, तर २३.४ भागिले ४२.४, म्हणजे सुमारे ५५ टक्के.

तक्ता हाताशी नसेल तेव्हा एक तोंडी हिशेब चालतो : दोन तापमानांमधल्या दर एका अंशाच्या फरकाला शंभरातून पाच वजा करावेत. पावसाळ्यात हवा २६ आणि दवबिंदू २२ असेल, तर फरक चार, म्हणून ८० टक्के. तक्त्यावरून येणारे उत्तर सुमारे ७९. पण हा हिशेब दमट हवेपुरताच, साधारण ५० टक्क्यांच्या वर, विश्वासार्ह आहे. वैशाखातल्या दुपारी हवा ४० आणि दवबिंदू १५ असेल, तर तोंडी उत्तर उणे २५ येते, ज्याला काहीच अर्थ नाही. खरे उत्तर सुमारे २३ टक्के.

लेखकांनी आणि वार्ताहरांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : ‘आर्द्रता ८८ टक्के’ म्हणजे हवेत ८८ टक्के पाणी नव्हे. पहाटे हवा १८ आणि दवबिंदू १६ असताना आर्द्रता ८८ टक्के असते, पण हैदराबादच्या उंचीवर हवेच्या एकूण दाबात बाष्पाचा वाटा तेव्हा जेमतेम दोन टक्के असतो. दुसरी : टक्का मोठा म्हणजे उकाडा मोठा, असेही नाही. ती पहाट सुखद वाटते. हवा ३४ आणि दवबिंदू २६ असताना टक्का ६३ वरच थांबतो, पण अंगावरचा घाम वाळत नाही. ‘दमट’, ‘सर्द’, ‘कोंदट’, ‘घामट’ हे आपले शब्द शरीराला काय वाटते ते सांगतात. टक्का केवळ एक गुणोत्तर सांगतो. एकाच्या जागी दुसरा वापरला की वाक्य शास्त्रालाही उतरत नाही आणि अनुभवालाही.

ही मुले ‘ह्युमिडिटी’ बिनचूक म्हणतात आणि गणितही सोडवतात. पण आजीला ‘आज इतकं चिकचिक का होतंय’ हे सांगायची वेळ आली की गप्प होतात. मराठीतून कारण सांगता येणे हाच परिभाषेच्या शिक्षणाचा हेतू आहे. केवळ संज्ञा पाठ करून तो साधत नाही.

वर्गासाठी सराव :
१. हवा २८ अंश, दवबिंदू २५ अंश. सापेक्ष आर्द्रता तोंडी काढा. (तक्त्यावरून उत्तर सुमारे ८४ टक्के.)
२. ‘आज हवेत ८४ टक्के पाणी आहे’ हे वाक्य दुरुस्त करा.
३. तोच अर्थ ‘आर्द्रता’ हा शब्द न वापरता, घरातल्या वडीलधाऱ्यांना कळेल असा तीन वाक्यांत लिहा.