विटेवर वीट : खेळातून यंत्रविद्येचे धडे

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला विटेची ओळख फार जुनी आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यात भोन येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या भाजक्या विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. आज याच जिल्ह्यातील मुले प्लॅस्टिकच्या इवल्या विटा जोडून यंत्रे घडवीत आहेत. हे नाते आम्ही ओढूनताणून जोडलेले नाही. पहिल्याच तासिकेत ते आपसूक पुढे आले.

त्या दिवशी प्रत्येक गटाला वीस विटा देऊन भिंत उभारण्यास सांगितले होते. बहुतेकांनी विटेवर वीट सरळ रचून शेजारी शेजारी मनोरे केले. बोटाने ढकलताच ते एकमेकांपासून सुटले. सातवीतला एक विद्यार्थी, एरवी वर्गात अवाक्षर न काढणारा, हळूच म्हणाला, “सर, सांध्यावर सांधा आलाय. फाटणारच.” त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. शाळेच्या अर्जात मात्र तो वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ असा लिहीत असे. त्याने प्रत्येक थर अर्ध्या विटेने सरकवून भिंत रचून दाखविली. ती ढकलूनही सुटेना. उरलेली तासिका त्यानेच घेतली आणि आम्ही बाकावर बसून ऐकले.

डेन्मार्कमधील लेगो कंपनीने या विटेच्या आजच्या रचनेसाठी 1958 साली पेटंटचा अर्ज केला. वरच्या गुंड्या आणि पोटातील नळ्या यांच्या घट्ट बसण्यामुळे ती गोंदाशिवाय पकड धरते. आठ गुंड्यांच्या एकसारख्या सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “हे मोजले कोणी?” संगणकाने, हे उत्तर तिला फारसे रुचले नाही.

पुढे चाके आली. मोटारीच्या दांड्यावर आठ दात्यांचे चक्र आणि गाडीच्या आसावर चोवीस दात्यांचे बसविले, की मोटारीचे तीन फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. घर्षणातील तूट सोडल्यास पीळ मात्र तिप्पट होतो. चढावर बैलगाडी हळू का हाकतात, याची चर्चा मुलांनीच सुरू केली. चाकाचा व्यास 56 मिलिमीटर. 22/7 ने गुणले की परीघ 176 मिलिमीटर. म्हणजे एक मीटर जाण्यास चाकाचे सुमारे 5.7 फेरे, मोटारीचे सुमारे 17. गणित बरोबर होते, तरी गाडी रेषेच्या चार बोटे अलीकडेच थांबली. मग शोध सुरू झाला : फरशीवर चाक घसरते का, वजनाने रबर दबते का, दात्यांत सैलपणा आहे का? आमच्या मते संपूर्ण उपक्रमातील सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच. उत्तर चुकले म्हणून कोणी खोडरबर शोधला नाही. सर्वांनी फूटपट्टी शोधली.

संगणकाची आज्ञा पाळणारी लेगोची ‘माइंडस्टॉर्म्स’ मालिका 1998 साली आली. तिचे नाव सेमूर पेपर्ट यांच्या 1980 च्या ग्रंथावरून घेतलेले आहे. बालकाने काही तरी प्रत्यक्ष घडविताना ज्ञानही घडते, हा त्यांचा आग्रह होता. पुढे 2022 च्या अखेरीस ही मालिका बंद करण्यात आली. महागड्या एकाच संचावर विसंबू नये, हे आम्हांला त्यावरून उमगले. अनेक ठिकाणी असे संच पाहुण्यांपुरते कपाटाबाहेर येतात. हरवेल या भीतीने मुलांच्या हाती पडतच नाहीत. आमच्याकडेही काही तुकडे हरवले. त्याचे दुःख नाही.

जिथे संच नाही तिथे अरविंद गुप्ता यांची युक्ती पुरेशी आहे : आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. त्यांचा चौकोन बोटाने दाबताच कलंडतो, त्रिकोण हटत नाही. हा प्रयोग करून झाल्यावर मुले वसतिगृहाच्या पत्र्याच्या छपराखालील कैच्या मोजून आली.

सुटीत आलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी गवंडी, फिटर वा ट्रॅक्टर दुरुस्त करणारे असल्यास त्यांनी एक तासिका घ्यावी, अशी आमची विनंती आहे. सध्या पाचव्या गटाची गाडी वळताना डावीकडे ओढते आणि कारण अद्याप सापडलेले नाही.