फलकावरील सोळा गोल : मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघावरील एक समवाय पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : गणित, भूगोल व शारीरिक शिक्षण. तासिका : दोन वर्गात, एक मैदानावर.)

पाठाचे प्रयोजन

खेळांच्या वार्ता आज खेड्यातील मुलांपर्यंत सहज पोचतात. परंतु बहुधा ‘जिंकले’ आणि ‘हरले’ या दोनच शब्दांत पोचतात. सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा २०२२ साली भारतात झाली. यजमान या नात्याने भारताच्या संघास तीत प्रथमच प्रवेश मिळाला आणि तो आपले तिन्ही सामने हरला. भारताकडून एकही गोल झाला नाही. भारतावर सोळा झाले.

हा आकडा नुसता सांगितला, तर वर्गातील मुले हसतील आणि मुली माना खाली घालतील. तो झाकून ठेवला, तर अध्यापन खोटे ठरेल. तेव्हा आकडा पुरता वाचावयास शिकविणे हाच योग्य मार्ग होय.

शिक्षकाची पूर्वतयारी

ही स्पर्धा २००८ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झाली व २०२५ पासून ती दरवर्षी भरू लागली. भारताकडे प्रथम २०२० ची स्पर्धा आली होती. महामारीमुळे ती रद्द झाली व त्याऐवजी २०२२ ची देण्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेने भारतीय महासंघास काही दिवस निलंबित केल्यामुळे यजमानपदही जाते की काय, अशी स्थिती झाली. निलंबन उठले आणि ११ ते ३० ऑक्टोबर या काळात भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे सामने झाले. अंतिम सामन्यात नवी मुंबईस स्पेनने कोलंबियाचा १–० असा पराभव केला.

भारताचे सामने भुवनेश्वरला झाले. संघाचे प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनर्बी होते. कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडातील गुमला जिल्ह्याच्या एका खेड्यातील मुलगी. तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधण्याच्या कामावर तिचे आईवडील मजुरी करीत होते, हे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. ही सर्व स्थळे नकाशावर मुलांकडूनच शोधून घ्यावीत.

विषयविवेचन : पहिली तासिका

शिक्षकांनी फलकावर भारताच्या गटाचा तक्ता लिहावा :

अमेरिका – विजय २, बरोबरी १, पराभव ०. केलेले गोल १३, झालेले १
ब्राझील – विजय २, बरोबरी १, पराभव ०. केलेले गोल ७, झालेले १
मोरोक्को – विजय १, बरोबरी ०, पराभव २. केलेले गोल ३, झालेले ५
भारत – विजय ०, बरोबरी ०, पराभव ३. केलेले गोल ०, झालेले १६

विजयास तीन गुण, बरोबरीस प्रत्येकी एक गुण, हा नियम सांगून गुण मुलांकडून काढून घ्यावेत. अमेरिका ७, ब्राझील ७, मोरोक्को ३ व भारत ० असे उत्तर येईल. नंतर केलेल्या गोलांची बेरीज व झालेल्या गोलांची बेरीज करावयास सांगावे. दोन्ही २३ येतात. असे का, हे मुलांनीच सांगावे. एकाने केलेला गोल दुसऱ्याच्या खाती जमा होतोच, हे उमगले की ताळा करण्याची रीत मुलांस वेगळी शिकवावी लागत नाही. सहावी–सातवीत गोलांतील फरक काढून ऋण संख्यांचा सराव द्यावा. +१२, +६, –२ व –१६ यांची बेरीज शून्य होते.

पुढील उदाहरण मुलांस विशेष आवडेल. भारत अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३ व ब्राझीलकडून ०–५ असा हरला. मोरोक्कोविरुद्ध अमेरिकेने ४ व ब्राझीलने १ गोल केला. तर अमेरिका व ब्राझील यांच्या सामन्यात काय झाले असेल? तेरातून आठ व चार वजा केले की एक उरतो. सातातून पाच व एक वजा केले की एकच उरतो. सामना १–१ असा बरोबरीत सुटला, हे कोणी न सांगताच तक्त्यातून निघते.

येथे आणखी एक गोष्ट सांगावी. भारतावर आठ गोल करणारा अमेरिकेचा संघ पुढच्याच फेरीत नायजेरियाकडून पेनल्टीवर हरला व घरी गेला.

विषयविवेचन : दुसरी तासिका

आता ‘आठ गोल कोठून आले?’ हा प्रश्न विचारावा. मुले उंची, ताकद, आहार अशी उत्तरे देतील. ती ऐकून घ्यावीत व मग पुढील माहिती द्यावी.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्रीपुरुष असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही. परंतु शिक्षणात मैदानही येते, असा त्याचा अर्थ लागला. त्या सुमारास तेथील माध्यमिक शाळांच्या संघांतून सुमारे ३ लाख मुली खेळत होत्या. पुढे ही संख्या ३० लाखांवर गेली. भुवनेश्वरच्या सामन्याच्या वेळी या कायद्यास पन्नास वर्षे झाली होती. म्हणजे त्या आठ गोलांमागे पन्नास वर्षांची शाळेची मैदाने होती. भारताच्या अकरा मुलींच्या पाठीशी तेवढी मैदाने नव्हती. पराभवाचे माप मुलींच्या गुणांस लावण्यापूर्वी ते संधीस लावून पाहावे.

यानंतरचा वृत्तान्त अवश्य सांगावा, अन्यथा पाठ अपुरा राहील. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या वीस वर्षांखालील मुलींनी यांगून येथे म्यानमारला १–० असे हरवून सुमारे वीस वर्षांनी आशियाई स्पर्धेची पात्रता मिळविली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील मुली किर्गिझस्तानातील बिश्केक येथे खेळल्या. त्यांनी यजमानांस २–१ असे हरविले. उझबेकिस्तानविरुद्ध एका गोलाने मागे पडूनही तोही सामना २–१ असा जिंकला. पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत स्थान मिळविण्याची या वयोगटाची ही पहिलीच वेळ होती.

या संघाच्या वयाचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. १ जानेवारी २००९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच त्यात खेळू शकत होत्या. म्हणजे भुवनेश्वरला सोळा गोल झाले, तेव्हा यांपैकी एकीसही चौदावे वर्ष पुरे झाले नव्हते. त्या कोठल्या तरी शाळेत बसलेल्या होत्या, पाचवीत, सहावीत, सातवीत. पुढच्या संघातील मुलीही आज अशाच एखाद्या वर्गात बसल्या असतील, हे शिक्षकांनी मुलांस सांगावे आणि स्वतःही ध्यानी ठेवावे.

उपयोजन : मैदानावर

मोठे मैदान नाही म्हणून अडून बसू नये. फक्कीने वीस पावले लांब व बारा पावले रुंद चौकट आखावी; विटांचे गोलखांब करावेत. आठ ते बारा वर्षांच्या मुलांस चार नंबरचा चेंडू पुरतो. पाच–पाच जणांचे मिश्र संघ करून दहा मिनिटांचे डाव खेळवावेत. चेंडू मुलांकडेच राहतो, असे दिसल्यास काही डाव केवळ मुलींचे ठेवावेत. पाणी आणणे, कपडे व दप्तरे सांभाळणे ही कामे खेळाच्या तासाला मुलींकडे देण्याची रीत अनेक ठिकाणी नकळत पडलेली असते. ती मोडावी व ही कामे पाळीपाळीने सर्वांस द्यावीत. पालकांनी हरकत घेतल्यास त्यांस एका तासाला मैदानावर बोलवावे.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गातील चार संघांचे सामने खेळून वरीलप्रमाणे तक्ता करा व दोन्ही बेरजा जुळतात का ते पाहा.
२. गुमला, भुवनेश्वर, मडगाव व बिश्केक ही स्थळे नकाशात दाखवा.
३. गेल्या आठवड्यात शाळेतील किती मुले व किती मुली चेंडू खेळल्या? एक महिना दर शनिवारी नोंद ठेवा.

तिसऱ्या स्वाध्यायाची नोंदवही शिक्षकांनी स्वतः तपासावी आणि महिनाअखेरीस मुलींचा आकडा वाढलेला नसल्यास खेळाच्या तासाची आखणी बदलावी.